टोमॅटोची टुटा, बाहेरून आणलेला केळीचा कंद आणि दुकानदाराचं ‘कॉम्बो’: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (ओतूर, ता. जुन्नर): टोमॅटो 35 दिवसांचा आहे. पानांवर पांढरे चट्टे पडलेत, शेंडे वाळतायत. दुकानदाराने नागअळी म्हणून चार औषधं एकत्र करून दिली, दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. आता डोस डबल करू का?

नको. डबल डोस नको आणि त्याच चार औषधांचा तिसरा फवारा तर अजिबात नको. फोटो बघितले, ही नागअळी नाहीच, टुटा आहे, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं आतून पोखरणारी एका बारीक पतंगाची अळी.

ओळखायचं कसं तर पान तोडून सूर्याकडे धरा. नागअळीची रेघ बारीक, पांढरी, वेडीवाकडी जाते. टुटाचा चट्टा रुंद, पापुद्रा सुटल्यासारखा असतो, आतल्या आत एका कडेला काळी विष्ठा साठलेली दिसते आणि बऱ्याचदा अळीच हलताना दिसते, हिरवट, डोक्याच्या मागे काळी पट्टी. फळावर देठाजवळ टाचणीएवढं भोक. इतकं बघायला अर्धा मिनिट लागतो, पण काउंटरवर पान हातात न घेताच औषध काढून दिलं जातं, हे मी इतक्या प्लॉटवर बघितलंय की आता राग येतो.

आता ही आली कुठून ते समजून घ्या, कारण औषध का लागू पडत नाही त्याचं उत्तर तिथंच आहे. टुटा मूळची दक्षिण अमेरिकेतली, पेरू-चिलीच्या बाजूची. 2006 च्या शेवटी स्पेनमध्ये सापडली, तिथून भूमध्य समुद्राच्या काठचे देश, आफ्रिका, आखात असं करत करत 2014 मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात टोमॅटोवर दिसली. म्हणजे स्पेन ते पुणे आठ वर्षं. पतंग जवळपासचं अंतर उडून जातो, वारा असेल तर बऱ्यापैकी लांबही जातो, पण समुद्र ओलांडायला त्याला टोमॅटोची पेटी, रोपाचा ट्रे, कंटेनर असलं काहीतरी लागतं. जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलंय की भूमध्य समुद्राभोवती पसरलेली सगळी टुटा मध्य चिलीतून एकदाच आलेल्या किड्यांची पिलावळ आहे. एकदा आलेला माल, तेवढ्यावर अख्खा खंड भरला.

आणि ती नुसती आली नाही, औषध पचवायची ताकद घेऊन आली. तिकडे तिच्यावर वर्षानुवर्षं औषधं मारून झाली होती. पायरेथ्रॉईड गटाला (सायपरमेथ्रीन, लॅम्डा वगैरे) दाद न देणारे किडे युरोपातही सापडले आणि ब्राझीलमध्येही. 2015 पर्यंत इटली आणि ग्रीसमध्ये क्लोरँट्रानिलिप्रोलच्या गटालाही ती दाद देईना झाली. म्हणजे तुमच्या कॉम्बोत जे सायपर किंवा लॅम्डा ढकललं होतं त्याचा टुटाला फारसा त्रास नाही, त्याने मेले ते मित्रकीटक. टोमॅटोत एक बारीक हिरवट, लांब पायांचा ढेकूण पानावर भराभर पळताना दिसतो बघा, तो टुटाची अंडी पितो. (फार वाढला तर खोडावर तपकिरी कडी पाडतो हे खरं, पण टुटा असलेल्या प्लॉटमध्ये आधी त्याला मारायला निघू नका.) बाहेरून आलेल्या किडीचा मूळ शत्रू तिच्या देशातच राहिलेला असतो, इथं जे थोडेफार तिला खातात ते आपण पहिल्या फवाऱ्यातच संपवतो आणि मग म्हणतो औषध चालत नाही.

दुसरी फसवणूक लेबलवरची. तुम्ही पाठवलेल्या दोन बिलांवर दोन वेगळी नावं आहेत, आत औषध एकच, क्लोरँट्रानिलिप्रोल. 2022 ला त्याचं पेटंट संपल्यावर कितीतरी कंपन्या ते आपापल्या नावाने विकतात, त्यामुळे दुकानदार म्हणतो ‘आता कंपनी बदलून देतो’ आणि तुम्हाला वाटतं औषध बदललं. औषध बदललं नाही, डबा बदलला. सायँट्रानिलिप्रोल दिलं तरी गट तोच. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा, मोबाईलवर फोटो काढून झूम करून वाचा. एकच गट एका महिन्यात परत परत मारायचा नाही. टुटाची एक पिढी साधारण महिनाभराची, हवेप्रमाणे थोडं मागेपुढे, म्हणून पुढच्या महिन्यात गटच वेगळा घ्यायचा. हे पाळलं नाही तर दोन हंगामात आपली टुटा पण इटलीसारखी होणार.

डोस: क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी टोमॅटोवर एकरी 60 मिली, 200 लिटर पाण्यात, म्हणजे 10 लिटरला 3 मिली (लेबल फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आहे). तीन मिली म्हणजे तीन मिली. झाकणाने अंदाजे ओतायचं नाही, इंजेक्शनची सिरिंज घ्या. पाच मिली मारल्याने अळी जास्त मरत नाही, ज्या वाचतात त्या जास्त चिवट निघतात आणि फळात अंश राहतो. त्यात टॉनिक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, स्टिकर सगळं एका पंपात ओतायचं नाही. तुमच्या वाळलेल्या शेंड्यांत निम्मा हात त्या मिश्रणाच्या जाळण्याचा असावा असं मला फोटोवरून वाटतंय.

आत्ता तुमच्या प्लॉटला हे औषध दोनदा झालंय, तेव्हा ते पूर्ण बंद. चट्टे पडलेली पानं आणि शेंडे तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधून उन्हात टाका, बांधावर फेकू नका. त्यानंतर संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क, पानांच्या खालच्या बाजूला आणि शेंड्यात नीट बसेल असा. पाच-सहा दिवसांनी परत तोच. अंडी आणि नुकती फुटलेली अळी हीच वेळ असते, अळी एकदा पानात शिरली की वरून कितीही मारा, तिला थेंब लागत नाही. भर दुपारी फवारणारे अजून आहेत, त्यांनी औषधही वाया घालवलं आणि मधमाशीही मारली. आठवड्याने परत पानं सूर्याकडे धरून बघा, जिवंत अळ्या वाढत असल्या तरच वेगळ्या गटाचं औषध ठरवू, मला फोटो टाका, दुकानात आधी जाऊ नका.

पुढच्या लागणीला काय, असंही तुम्ही विचारलंय. मी प्रत्येक बैठकीत सांगतो ते इथंही सांगतो: रोप स्वतः करा. टुटा तुमच्या शेतात बहुतेक वेळा रोपाच्या ट्रेमधून येते. लांबच्या नर्सरीतून, दोन जिल्हे ओलांडून आलेल्या रोपात खालच्या पानाला दोन बारीक चट्टे असतात, कोणी बघत नाही. एकराला लागणारी रोपं 40 मेशच्या जाळीत बसवायला मोठी जागा लागत नाही, बांबू रोवा, चारी बाजूंनी जाळी मातीत पुरा, दाराला दुहेरी पडदा, आत कोकोपीटचे ट्रे जमिनीवर न ठेवता उचलून ठेवा. आणि जाळीच्या शेजारी जुना टोमॅटो, वांगं, बटाटा नको, टुटा या तिन्हींवर राहते. विकतच घ्यायची असतील तर नर्सरीत स्वतः जा, ट्रे उचलून पानं खालून बघा आणि मगच पैसे द्या.

कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) लागणीच्याच दिवशी लावा, चट्टे दिसल्यावर नाही. पतंग कधी आले हे कळायला एकरी चार पुरतात, पतंग मोठ्या प्रमाणावर पकडायचे असतील तर 16 ते 20. इथंही दुकानात बघून घ्या, टुटाचं ल्युअर (सापळ्यात लावायची वासाची गोळी) मागितलं तर घाटेअळीचं हेलिल्युअर देऊन बोळवण करतात, पाकिटावर टुटा लिहिलेलं वाचूनच घ्या. ल्युअर लावताना तंबाखूचा हात नको. आणि सापळ्यात फक्त नर सापडतात, भरलेला सापळा बघून निश्चिंत होऊ नका.

कॅरेट. मार्केटहून परत येणारी कॅरेट कुठल्या गावाच्या, कुठल्या राज्याच्या मालातून फिरून आलीत तुम्हाला माहीत नसतं आणि त्यांच्या भोकात, कोपऱ्यात कोष चिकटलेले असतात. प्रेशरच्या पाण्याने धुवा, दिवसभर कडक उन्हात उलटी टाका, मगच प्लॉटमध्ये न्या. आणि भाव पडला की टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतून द्यायचा, नाहीतर उभा प्लॉट तसाच सोडून द्यायचा, हे मला समजतं का होतं ते, तोडणीची मजुरी निघत नाही. पण सोडलेला एक प्लॉट आजूबाजूच्या शेतांना पतंग पुरवत राहतो, तेव्हा निदान तार-सुतळी काढून घेऊन रोटर मारा आणि फळं खड्ड्यात गाडा, वर वीतभर माती.

प्रश्न (रावेर): पाहुण्यांनी दुसऱ्या राज्यातून केळीचे कंद स्वस्तात आणून दिलेत. लावू का? दुकानदार म्हणतो, मर आला तर आळवणीचं औषध आहे.

लावू नका. केळी वाळवणाऱ्या पनामा मर रोगाच्या बुरशीची नवी जात, टीआर-4, आग्नेय आशियातून जगभर गेली. 2015 मध्ये बिहारच्या कटिहारला सापडली, नंतर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात. म्हणजे तुमच्या शिवेवर आलीच आहे. ती कंदातून, बुटाच्या मातीतून, ट्रॅक्टरच्या चाकातून जाते, जमिनीत पंचवीस-तीस वर्षं जिवंत राहते आणि लागण झालेलं झाड बरं करणारं औषध बाजारात नाही. आळवणीचं औषध देतो म्हणणाऱ्याला सांगा, बिलावर लिहून दे. टिश्यूकल्चरची रोपं, तीही खात्रीच्या लॅबची आणि बिल जपून ठेवून. आलेले कंद शेतात उतरवू नका, पाण्याच्या पाटात तर टाकूच नका, कृषी सहायकाला दाखवून जाळा.

प्रश्न (बारामती): पपईवर कापसासारखा पांढरा मिलीबग. ताबडतोब कडक औषध सांगा.

कडक औषध सांगणार नाही. हा मेक्सिकोकडचा मिलीबग 2008 ला कोइमतूरला दिसला, 2010 पर्यंत पुण्याच्या पपईत. तेव्हा लोकांनी वाटेल ती औषधं मारली, अंगावर मेण असल्याने तो मेला नाही, खर्च मात्र झाला. आटोक्यात आला तो त्याच्या मूळ शत्रूमुळे: 2010 मध्ये बंगळूरच्या संस्थेने प्युएर्तो रिकोहून बारीक गांधीलमाशीच्या तीन जाती आणल्या, त्यातली असेरोफॅगस सगळ्यात कामाची निघाली. ती आता आपल्या भागात टिकून आहे. तुम्ही कडक फवारा मारलात की पहिली तीच मरते. पांढऱ्या पुंजक्यात तपकिरी, फुगलेले, कोरडे मिलीबग दिसतात का बघा, दिसले तर तिचं काम चालू आहे, थांबा. जास्त भरलेली पानं-फळं काढून गाडा, झाडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करा, फारच झालं तर प्रेशरने पाणी.

प्रश्न (एक ताई, संगमनेर): मुलगा परदेशातून येतोय, तिकडच्या मिरचीचं बी आणि ड्रॅगन फ्रूटची काडी आणतो म्हणतोय.

ताई, आणू देऊ नका. केंद्राच्या 2003 च्या आदेशाप्रमाणे परदेशातून बी, काडी, रोप, माती आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर विमानतळावर जप्त होतं. सुटकेसमध्ये कपड्यात गुंडाळून आणतात लोक, मला माहीत आहे. काडीच्या एका डोळ्यात बसलेली खवलेकीड डोळ्याला दिसत पण नाही. तसंच 2020 मध्ये न मागवता बियांची परदेशी पाकिटं पोस्टाने येत होती, केंद्राने सावध केलं होतं. असं काही आलं तर पेरू नका, फोडू नका, कृषी कार्यालयात द्या.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपने आपला आंबा बंद केला होता, सोबत वांगं, कारलं, पडवळ, अळू, कारण आपल्या मालात फळमाशी सापडत होती. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली, पण तेवढ्यात एक हंगाम गेला. कोकणातल्या भावांनी दापोलीचा फळमाशीचा रक्षक सापळा लावणं आणि गळलेला आंबा रोज उचलून गाडणं, एवढ्यासाठी सोडू नये.

अनुदानाचं बरेच जण विचारतात: शेडनेट वगैरेचा अर्ज महाडीबीटीवर, पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, बाकी सहायकाला विचारा.

फोटो पाठवताना पानाची वरची आणि खालची दोन्ही बाजू, एक फोटो पान उजेडाकडे धरून, आणि आतापर्यंत काय काय मारलं त्याच्या बिलांचा किंवा डब्यावरच्या बारीक अक्षरांचा फोटो. नुसता लांबून काढलेला प्लॉटचा व्हिडिओ पाठवून ‘साहेब औषध सांगा’ असं लिहू नका, त्यावर मी औषध सांगणार नाही.