बोट धक्क्याला, मैत्रीण गावात

क्रूझला निघालेली माणसं समुपदेशकाकडे कशाला येतील, असं वाटेल. पण बडोद्यात हा प्रश्न आता माझ्याकडे वरचेवर येतो. मुलं आईवडिलांना घेऊन सिंगापूरहून निघणाऱ्या चार-पाच रात्रींच्या क्रूझवर जातात. वाटेत बोट मलेशियातल्या पेनांगला किंवा थायलंडमधल्या फुकेतला काही तास थांबते, आणि नेमकं तिथेच कुणीतरी जुनं माणूस राहत असतं. शाळेतली मैत्रीण, हॉस्टेलवरचा मित्र, लग्नानंतर देश सोडलेली मामेबहीण. भेटायचं तर असतं, पण तारीख जवळ येते तशी झोप उडते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बोट सुटून गेली तर?"

अशाच एका ताईंची ही हकीकत त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई साठीच्या पुढच्या. माहेर दांडिया बाजारातलं, शिक्षण सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये. तिथे तिघींची जोडी जमली. सुट्टीच्या दिवशी भेटायची जागा म्हणजे रावपुऱ्याचा टॉवर. तिथून न्यायमंदिर, मग सूरसागरच्या काठाने गप्पा मारत घरी. पुढे एकीचं लग्न होऊन ती पेनांगला गेली. तिचे मिस्टर तिथे बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात इंजिनिअर होते. दुसरी अलीकडे मुलाकडे क्वालालंपूरला राहायला गेली. ताई बडोद्यातच राहिल्या.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने सगळ्यांचं बुकिंग केलं. ताई, त्यांचे मिस्टर, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि सुनेचे आईवडील. बोट पेनांगला दुपारी 12 ला लागणार, रात्री 8 ला सुटणार. तिघी मैत्रिणींच्या ग्रुपवर आनंदीआनंद झाला, आणि त्याच आठवड्यापासून ताईंची झोप गेली. पित्त वाढलं, पोटात सारखा गोळा. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पर्समधून त्यांनी सहलीचा छापील कागद काढला. चार घड्या पडलेल्या, कडा मऊ झालेल्या. "8.00" या आकड्याभोवती बॉलपेनने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद तिथे फाटायला आला होता. "मॅडम, जाऊच नये ना मी? बोटीवरच बसते. ती समजून घेईल," त्या म्हणाल्या.

अशा वेळी काळजीचे दोन ढीग करायचे असतात. एक माहितीने मिटणारा, दुसरा न मिटणारा. लोक दोन्ही एकत्र ढवळतात आणि मग एकही मिटत नाही. म्हणून आधी कागद टेबलावर पसरला.

बोट 12 ला लागते म्हणजे 12 ला उतरता येतं असं नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी, पासपोर्टची तपासणी, तीन-चार हजार माणसांची रांग यात तासभर जाऊ शकतो. 8 ला सुटते म्हणजे 8 पर्यंत परत यायचं असंही नाही. सगळ्यांनी चढून बसायची वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि ती वेळ बोटीवर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली असते. आम्ही ताईंसाठी 1 ते 6 असे पाच तास धरले. सहाला धक्क्याच्या फाटकापाशी. त्यापुढचा वेळ वाहतूक, पाऊस, अडलेली रांग यांच्यासाठी राखून ठेवला.

बोटीच्या कंपनीनेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतःहून फिरायला गेलेल्या माणसासाठी थांबत नाही. हे खरं आहे आणि ते ताईंपासून लपवण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, "सुटली बोट. मग?" त्या बघतच राहिल्या. एवढे दिवस त्यांचा विचार त्या क्षणापाशी येऊन थांबत होता, त्याच्या पुढे एक पाऊलही गेला नव्हता. मग दोघींनी मिळून पुढे नेला. कंपनीच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर त्याच पत्रिकेत असतो. त्याला फोन करायचा. रात्री मैत्रिणीच्या घरी झोपायचं. सकाळी विमानाने फुकेत किंवा सिंगापूर गाठायचं, खर्च आपला. पासपोर्ट आणि लागणारा व्हिसा जवळ असेल तर हे जमतं. काही कंपन्या पासपोर्ट चढतानाच ठेवून घेतात, म्हणून स्वागतकक्षात आदल्या दिवशीच विचारायचं. "म्हणजे पैसे जातील आणि मुलगा चिडेल," ताई म्हणाल्या. हो, एवढंच. चांगली गोष्ट नाही, पण हे संकट निभावता येतं.

इथे फुकेतवाल्यांसाठी एक सांगते, कारण यात खरोखर माणसं फसतात. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. थायलंड मात्र आपल्यापेक्षा दीडच तास पुढे आहे. बोटीने सिंगापूरचीच वेळ ठेवली असेल आणि तुमच्या मोबाईलने आपणहून थायलंडची घेतली, तर मोबाईलमध्ये चार वाजलेले असताना बोटीवर पाच झालेले असतात. मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते बोटीच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. शिवाय फुकेतला बोट पुष्कळदा धक्क्याला न लागता समुद्रातच नांगर टाकते आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. त्याची रांग जाताना आणि येताना दोन्हीकडे धरावी लागते.

भेटायची जागाही कागदावर आली. मैत्रिणीला बोटीवर बोलावता येत नाही, प्रवाशांशिवाय कुणाला सोडत नाहीत. धक्क्याच्या फाटकावर टॅक्सीवाल्यांच्या गर्दीत एकमेकींना शोधत बसणंही नको. पेनांगला बोटी लागतात तो स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउन या तिथल्या मुख्य शहराला अगदी खेटून आहे. त्याच्या जवळच व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 60 वर्षं झाली म्हणून उभारलेला 60 फुटी घड्याळाचा मनोरा आहे. पेनांगच्या मैत्रिणीने त्याचा फोटो पाठवला. ताई तो पाहून पहिल्यांदा हसल्या. "टॉवरखालीच भेटायचं की मग!" रावपुऱ्याचा टॉवर 1896 चा, पहिल्या चिमणाबाईसाहेबांच्या स्मरणार्थ बांधलेला, हा त्याच सुमाराचा. जागा ठरली. क्वालालंपूरची मैत्रीण सकाळच्या गाडीने पेनांग बेटासमोरच्या किनाऱ्यावर, बटरवर्थला उतरून फेरीबोटीने पलीकडे येणार होती. तिला साधारण चार तासांचा प्रवास, म्हणून तिने आदल्या दिवशीच यावं असं आम्ही सुचवलं. एका भेटीत दोन धावपळी कशाला?

इतकं सगळं जुळलं. ताईंनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "तरी पोटात गोळा आहेच."

मला याचीच वाट पाहायची होती. माहितीने मिटणारं सगळं मिटलं होतं, आणि खाली जे राहिलं होतं त्याला बोट, धक्का, घड्याळ यातलं काहीच कारण नव्हतं. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

पेनांगच्या मैत्रिणीचे मिस्टर 2021 मध्ये कोविडने गेले. बातमी क्वालालंपूरच्या मैत्रिणीने कळवली. त्या दिवसांत ताईंच्या घरीही दोघं आजारी होती. आज करते, उद्या करते म्हणता फोन राहिला. महिना गेल्यावर लाज वाटायला लागली. सहा महिन्यांनी तर कोणत्या तोंडाने करायचा? मग दिवाळीला ग्रुपवर दिव्याचं चित्र टाकलं, तिने हात जोडले, आणि विषय तसाच राहिला. आता ती भेटणार होती. "मला बघून तिच्या मनात पहिलं तेच येईल. आणि मी काय बोलू? त्या टॉवरखाली पाया पडू तिच्या?"

ताईंनी मनात ठरवलं होतं की भेटल्या भेटल्या क्षमा मागायची. मी त्यांना तसं करू नका म्हटलं. पाच तासांच्या भेटीवर चार वर्षांचं ओझं टाकलं की ती भेट मोडते. समोरच्या बाईला धक्क्यावर, भर उन्हात, तिसऱ्या मैत्रिणीसमोर एका दमात ठरवावं लागतं की माफ करायचं की नाही. ती बिचारी "जाऊ दे गं" म्हणणार, दुसरं काय म्हणेल? आणि ताई घरी परत येऊन विचार करत बसणार, मनापासून म्हणाली का. क्षमा मागायची तर आधी, फोनवर, दोघींतच. समोरचीला रागवायला, रडायला, फोन ठेवून द्यायलाही मोकळीक राहील अशी. भेट त्यानंतर.

दुसरी गाठ होती ती "भेट छान झालीच पाहिजे" या हट्टाची. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा असा, की आपल्या इच्छेची आपण सक्ती करतो आणि त्रास त्या सक्तीतून होतो. भेट छान व्हावी ही इच्छा अगदी रास्त. पण ती झालीच पाहिजे, एवढे पैसे, एवढी वर्षं, म्हणून झालीच पाहिजे, असं मनाला बजावलं की पोटात गोळा येणारच. आम्ही उलट बाजूही पाहिली. भेट बेताची झाली, पहिला तास अवघड गेला, मध्येच बोलणं खुंटलं, तर? तर चहा मागवायचा. नातवंडांचे फोटो काढायचे. हवा बिघडून बोटीने पेनांगचा थांबाच रद्द केला, तर? असं होतं कधीकधी, कप्तानाच्या हातात असतं. मैत्रिणींना हे आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे कुणी रुसणार नाही.

फोनवर काय बोलायचं याचा आम्ही सराव केला. ताईंच्या पहिल्या मसुद्यात घरातली आजारपणं, मिस्टरांची शुगर, कामवालीची सुट्टी सगळं होतं. ते काढून टाकलं. कारणं पुढे केली की ऐकणाऱ्याला आपलं दुःख बाजूला ठेवून तुमची समजूत घालावी लागते. शेवटी उरलं ते असं: "तुझे हे गेले तेव्हा मी फोन केला नाही. करायला हवा होता. मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हा काय काय झालं ते सांगशील? मी ऐकते." आणि मग खरंच ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही.

त्यांनी तो फोन एका दुपारी गच्चीवर बसून केला. मैत्रीण म्हणाली, "राग होता गं. अजून आहे थोडा." मग हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवल्याचं, घरूनच मोबाईलवर पाहिलेल्या अंत्यविधीचं, सगळं सांगितलं. तासाभराने तिने विचारलं, "लीलो चेवडो आणशील ना?" ताई मला हे सांगताना रडत होत्या आणि हसतही होत्या. (घरी केलेलं खाणं बोटीवर सहसा चढू देत नाहीत. दुकानाचं सीलबंद पाकीट घ्या, आणि किनाऱ्यावर न्यायची परवानगी आहे का ते विचारून घ्या.)

घरच्यांचा प्रश्न राहिला होता. मुलाने एवढा खर्च केलाय आणि आपण पाच तास निघून जायचं, हे ताईंना कृतघ्नपणाचं वाटत होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा होता सगळ्यांनाच सोबत न्यायचा. घरची आठ माणसं, त्यांत दोन मुलं, आणि मध्ये तीन मैत्रिणी! अशा भेटीत तिघी सगळ्यांना वाढत बसतात आणि बोलणं होत नाही. मिस्टरांचा आग्रह होता, "मी येतो बरोबर, एकटी कशी जाशील?" त्यात काळजी होती, म्हणून त्यांना मोडता घालायचा नाही, वेळ द्यायची असं ठरलं. जेवणाच्या टेबलावर ताईंनी आकड्यांत सांगितलं. 1 ते 4 आम्ही तिघी. 4 ला हे आणि नातवंडं चहाला येतील, लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीतल्या मारिअम्मन मंदिरापाशी. 6 ला सगळे फाटकापाशी. रात्रीचं जेवण एकत्र. मुलगा म्हणाला, "एवढंच ना मम्मी? मग इतके दिवस जेवत का नव्हतीस?" माझ्या अनुभवात घरची माणसं पाच तासांना क्वचितच हरकत घेतात. "बघू", "जमलं तर", "तुम्हाला चालत असेल तर" अशा बोलण्याने मात्र ती बावचळतात आणि मग आपापल्या सोयीचं काहीतरी ठरवून टाकतात.

पेनांगला त्या दिवशी पाऊस होता. उतरायला दीड वाजला. मनोऱ्याखाली उभं राहणं शक्य नव्हतं, मैत्रीण गाडीतच बसून होती. तिघी एका साध्या खानावळीत भात-रस्सा खात बसल्या. पहिली पंधरा मिनिटं अवघड गेल्याचं ताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. नंतर होम सायन्सच्या स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकात जळालेल्या केकवरून जे सुरू झालं ते चारपर्यंत थांबलं नाही. त्या सगळ्या वेळात फोनवरचा विषय कुणी काढला नाही. सहाला पाच कमी असताना ताई फाटकापाशी होत्या. मुलगा आणि सून त्यांच्यानंतर आले.

परतल्यावर त्या एकदा मला भेटायला आल्या. गोळा गेला होता, झोप लागत होती. एक शंका मात्र होती: "तिचा तो थोडा राग गेला असेल का?" मी म्हटलं, हे मला कसं कळणार, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या दिवशी फोन कर, मग सांगते." ताईंनी तारीख विचारून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खूण केली.