सांगलीत राहून तीनेक लाखांत चित्रसंग्रह सुरू करता येईल का? सध्या संग्राहक कोणत्या समकालीन चित्रकारांच्या मागे आहेत?

नक्की करता येईल. सांगलीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लोक काय विकत घेतात आणि तेच चित्र दहा वर्षांनी कसं दिसतं, हे दोन्ही माझ्या हातातून जातं.

पेपरात येणारे आकडे मात्र आधी बाजूला ठेवा. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता, रझा यांतलं आता कुणीच हयात नाही. नवं चित्र येणार नाही, म्हणून असलेल्यांवर उड्या पडतात. ही मंडळी ‘आधुनिक’ म्हणून ओळखली जातात. तुम्ही विचारताय ते आज काम करणाऱ्यांबद्दल.

त्यांत अतुल दोडिया, सुबोध गुप्ता, भारती खेर, जितीश कल्लाट, नलिनी मलानी ही नावं संग्राहकांच्या तोंडी कायम असतात. दोडियांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं रंगवली. शटर वर सरकवलं की आत दुसरं चित्र. गुप्तांचं नाव झालं ते स्टीलच्या ताटवाट्या, डबे, बादल्या रचून केलेल्या शिल्पांमुळे, आपल्याकडे रुखवतात मांडतात तसलीच भांडी.

मला सर्वांत जवळचे वाटतात सुधीर पटवर्धन. जन्म पुण्याचा, १९४९ चा. ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी लोकल, चाळी, कामगार, पुलाखालची माणसं रंगवली. त्यांच्या चित्रात उभा असलेला माणूस दिवसभर राबून आलाय, हे त्याच्या खांद्यांवरून कळतं. तरुणांत प्रभाकर पाचपुते. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात वाढलेला हा मुलगा चारकोलने, म्हणजे कोळशाच्या कांडीने, भिंतीच्या भिंती भरून खाणकामगार काढतो. २०२२ मध्ये त्याचं काम इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं. त्याच वर्षी अमोल पाटील जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या तशाच मोठ्या प्रदर्शनात होता. त्याचे आजोबा पोवाडे रचायचे. आपल्या मातीतली ही पोरं तिथवर गेली याचा मला फार आनंद आहे.

तीन लाखांत यांचे मोठे कॅनव्हास येणार नाहीत. कागदावरची रेखाटनं आणि एचिंग (धातूच्या कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेला ठसा), सेरिग्राफ (जाळीतून रंग दाबून केलेली छपाई) यांसारखे मर्यादित प्रतींचे प्रिंट बघा. प्रिंटच्या खाली पेन्सिलने ७/५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासातली सातवी प्रत, आणि शेजारी चित्रकाराची हाताची सही. ही प्रत आणि पोस्टर यांतला फरक शिकून घ्या. एक गिऱ्हाईक हुसेनचा घोडा घेऊन आले होते, ओरिजिनल म्हणून चांगली रक्कम मोजून घेतलेला. माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, कापण्याआधी मी सवयीने भिंग लावलं. घोड्याच्या मानेवर छपाईचे बारीक ठिपके, आणि सहीवरही तेच. त्यांना भिंग दिलं तेव्हा ते बराच वेळ डोळा काढेनात. बिलावर चित्राचं नाव, साल, आकार, माध्यम काहीच नव्हतं. असं बिल कुणी दिलं तर तिथून उठा.

पैसे काढण्याआधी एक दिवस खटाव तालुक्यातल्या औंधला जा. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची तैलचित्रं, चित्रकार धुरंधरांची कामं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प, सगळं एका छताखाली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे आणि स्वतःच्या काळातल्या चित्रकारांची कामं जमवायचे. त्यांच्यासाठी तीच समकालीन कला होती. तिथे नावाच्या पट्ट्या न वाचता फिरा, पाय कुठे थांबतात बघा आणि मग नाव वाचा. मी पहिल्यांदा असा थांबलो ते चित्र मला माहीत नसलेल्या माणसाचं होतं. त्यानंतर मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत दोन-तीन चकरा मारा. तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेला असतो, बोलतो.

आणि आपण सांगलीचे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी आलं, तेव्हा एका बाईंचं जलरंगातलं निसर्गचित्र खालच्या रॅकवर होतं. फ्रेम उघडली तर कागद काचेला चिकटलेला. अगदी हळू सोडवला, तरी झाडाचा अर्धा हिरवा रंग काचेवरच राहिला. त्या चित्रावर मी माउंट न घालता थेट काच लावली होती. मधे माउंटची फट असती तर निदान कागद काचेला चिकटला नसता. ती चूक माझी होती आणि मी त्यांना तसं सांगितलं. म्हणून चित्र वरच्या मजल्यावर लावा, कृष्णेकडच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर नको, माउंट ॲसिड-फ्री, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा, मागा. बिल आणि चित्रकाराचं प्रमाणपत्र चित्रासोबत ठेवू नका, दुसऱ्या घरात ठेवा. विकणाऱ्याकडून फोटो मागवाल तेव्हा मागच्या बाजूचाही मागवा, फ्रेमवाल्याला खरं ते तिथेच दिसतं.