प्रश्नोत्तरे : घरचा संग्रह नेटवर्क ड्राइव्हवर, पण सूची कोठे?

प्रश्न : आमच्या राउटरला दोन डिस्कचा नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असून त्यावर घरातील सर्वांचे फोटो, चित्रफिती आणि आजोबांच्या कीर्तनांची कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे आहेत. सर्वांना एकच संग्रह दिसावा म्हणून मी फोटोंच्या प्रोग्रामची लायब्ररीही त्याच ड्राइव्हवर हलवली. मुलीने आणि मी ती आपापल्या लॅपटॉपवर एकाच वेळी उघडली, तेव्हा लायब्ररी बिघडल्याचा संदेश आला आणि अल्बम नाहीसे झाले. फोल्डरमधले फोटो मात्र शाबूत आहेत. ड्राइव्ह सदोष असेल का? दोन्ही डिस्कवर सारखीच प्रत जात असताना वेगळा बॅकअप ठेवावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून ड्राइव्ह बहुधा निर्दोष आहे. फोटो ही प्रत्येकी स्वतंत्र फाइल असते; अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावे आणि शोधासाठीची माहिती मात्र प्रोग्राम आपल्या लायब्ररीतल्या सूचीत, म्हणजे एका डेटाबेसमध्ये, साठवतो. घरगुती वापराच्या अनेक प्रोग्रामांत हा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा, असतो. एकाची नोंद चालू असताना दुसऱ्याने मध्येच लिहू नये म्हणून अशा फाइलला तात्पुरते कुलूप लागते. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ते चोख काम करते, पण नेटवर्कवरून ते दुसऱ्या संगणकापर्यंत नीट पोहोचेलच याची खात्री नसते, आणि लिहिता लिहिता वाय-फाय तुटले तर नोंद अर्धवट राहते. म्हणूनच फोटोंसाठीचा लाइटरूम क्लासिक हा प्रोग्राम नेटवर्क ड्राइव्हवरचा कॅटलॉग, म्हणजे त्याची सूची, उघडत नाही आणि पुस्तकांसाठीच्या कॅलिबरचे निर्मातेही लायब्ररी तेथे ठेवू नका असे बजावतात.

बिघडलेली लायब्ररी जागेवरच दुरुस्त करू नका. ती आधी लॅपटॉपच्या अंतर्गत डिस्कवर उतरवून घ्या, तिची आणखी एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच प्रोग्राममधील दुरुस्तीची सोय वापरून पाहा.

पुढची मांडणी अशी असावी, की फायली ड्राइव्हवर राहतील आणि सूची एकच यंत्र सांभाळेल. फोटोंसाठी इमिच, चित्रपट व संगीतासाठी जेलीफिन असे सर्व्हर प्रोग्राम याच कामाचे आहेत. बाकीचे लॅपटॉप, फोन आणि टीव्ही सूचीला हात न लावता त्या सर्व्हरकडे मागणी करतात. आपल्या ड्राइव्हवरच असा प्रोग्राम चालत असेल तर उत्तम, कारण त्याच्या दृष्टीने ती डिस्क घरचीच असते. तो ड्राइव्हला झेपत नसेल तर एखादा जुना लॅपटॉप केबलने राउटरला जोडून सर्व्हर म्हणून वापरावा, मात्र सूची त्याच्याच डिस्कवर ठेवावी.

सूची पुन्हा कधी बिघडली तरी संग्रह ओळखता यावा, अशी सोय फायलींतच करता येते. फोल्डरला ‘१९९८-०५ पंढरपूर’ असे आधी वर्ष, मग महिना या क्रमाने नाव दिले की ते आपोआप कालक्रमाने लागतात. (नावांत मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ करू नये, काही प्रोग्राम त्यांची वेगवेगळी रांग लावतात.) कीर्तनांच्या बाबतीत आख्यान, गाव आणि साथीदारांची नावे फाइलमधील टॅगमध्येच, म्हणजे माहितीच्या रकान्यांतच, लिहावीत. ध्वनिमुद्रण एमपी३ऐवजी फ्लॅक स्वरूपात जपावे. सीडीच्या दर्जाचे तासाभराचे मूळ ध्वनिमुद्रण सुमारे ६०० एमबी होते, फ्लॅक त्याहून बरीच कमी जागा घेते आणि आवाजातला एक कणही गमावत नाही.

वेगळा बॅकअप ठेवायलाच हवा. दोन डिस्कची जोडी केवळ एक डिस्क निकामी झाल्यास उपयोगी पडते. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि विजेचा दाब अचानक वाढला तर दोन्ही डिस्क एकदमच जाऊ शकतात. यूएसबी डिस्कवर ठराविक काळाने प्रत घेऊन ती डिस्क काढून ठेवावी, शक्य तर नातेवाइकांच्या घरी. चित्रपट पुन्हा मिळतील, तेव्हा जागा कमी पडल्यास आधी कीर्तने आणि फोटो घ्यावेत. मूळ कॅसेटही टाकून देऊ नयेत.