गावाकडचा कुत्रा शहरात आणला तर गेटबाहेर पाऊल टाकत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मंगळवेढ्याच्या शेतातला दीड वर्षाचा गावठी कुत्रा जुळे सोलापुरात आणून महिना झाला, तरी तो सोसायटीच्या गेटपाशीच बसकण मारतो आणि रिक्षा दिसली की थरथरतो. घरचे म्हणतात, दोन दिवस ओढत न्या, सरावेल.

ओढत नेऊ नका. मी ते करून बसलोय.

आमचा काळ्या मोहोळकडच्या वस्तीवरचा, आणि आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीच्या तोंडाशीच लूमची, म्हणजे यंत्रमागाची खटखट. त्याला धीट करायचं म्हणून मी पहिल्याच संक्रांतीला त्याला गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत नेलं. होम मैदानावरची गर्दी, पाळणे, भोंगे. त्यानं मान मागे घेतली, गळपट्ट्यातून डोकं सोडवलं आणि पळाला. रात्री साडेअकराला किल्ल्याच्या तटालगत सापडला. पुढे तीन आठवडे जिन्याची शेवटची पायरीसुद्धा उतरला नाही. म्हणून पहिला खर्च छातीच्या पट्ट्याचा करा, आणि दोरी तीन-चार मीटरची घ्या.

पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. तुमच्या कुत्र्यानं त्या वयात ज्वारी, बैल आणि ट्रॅक्टर पाहिला. रिक्षांची रांग नाही. तो काळ गेला, पण शिकणं थांबत नाही. वेळ जास्त लागतो, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. कुत्र्याला धीर येतो तो ‘वाटलं तर मागे फिरता येतं’ हे कळल्यावर. मी काळ्याला लूमपासून साठेक पावलांवर घेऊन बसायचो. खटखट ऐकू यायची, पण तो खायचा. ती माझी मोजपट्टी होती: खातोय म्हणजे अंतर बरोबर, चिकनकडेही बघत नाही म्हणजे आपण फार जवळ आलो. मग काही न बोलता मागे. चार दिवसांनी पाच पावलं पुढे, कधी पुन्हा दहा मागे. समोरचे काका रोज विचारायचे, ‘काय बे, तू कुत्र्याला फिरवतोय का कुत्रं तुला?’ खरं म्हणजे तोच मला फिरवत होता, आणि तसंच पाहिजे.

खाऊ देण्याचा क्रम चुकवू नका. आधी रिक्षा दिसू द्या, मग लगेच तुकडा. आधी तुकडा काढलात तर चिकन दिसलं की आता रिक्षा येणार, असं तो शिकेल आणि चिकनलाच बिचकेल. चिकन मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं, नाहीतर उकडलेलं अंडं. प्रेमापोटी शेंगाचटणी लावलेली भाकरी देऊ नका, लसूण कुत्र्यांना बाधतो.

शेपूट पोटाखाली गेली की भीती कुणालाही कळते. त्याआधीच्या खुणा बघा. झोप नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. तिथेच वळलात तर पुढची बसकण टळते. आणि घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं तर भित्रेपणा वाढतो, हे खोटं आहे. तो अंगाला टेकला तर खुशाल हात फिरवा. फक्त उचलून रिक्षेपुढे धरू नका.

मनसोक्त वास घेऊ द्या. एका खांबापाशी पाच मिनिटं गेली तरी गेली. तुम्हाला कंबर तलाव जवळ पडेल. रहदारी वाढायच्या आत, पहाटे न्या. प्रत्येक गल्लीची आपली टोळी असते, त्यामुळे अनोळखी बोळात शिरू नका. एकदा चार कुत्री अंगावर आली की महिन्याची मेहनत वाया. आणि आपलं ऊन विसरू नका. पालथा हात डांबरावर पाच-सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याच्याही पायाला चटका बसणार, आणि रस्ता म्हणजे दुखणं हीच त्याची आठवण होणार.

एखादा दिवस फार बिघडला तर पुढचे दोन दिवस गेटकडे जाऊच नका, घरातच खेळवा. धसक्याचा ताण लगेच उतरत नाही. महिनाभर असं करूनही तो बाहेर काहीच खात नसेल, किंवा चालताना लंगडत असेल, तर पशुवैद्याला दाखवा. कधीकधी मूळ दुखणं सांध्यात किंवा कानात असतं.

काळ्या आता लूमच्या दारातून शेपूट वर करून जातो. गड्ड्यात मात्र आम्ही त्याला परत नेलं नाही. शोभेच्या दारूकामाच्या रात्री आतल्या खोलीच्या खिडक्या लावतो, पंखा मोठा करतो, आणि तो आईच्या खाटेखाली शिरतो. दारूकाम बघायला मीही गेलेलो नाही, चार वर्षं झाली.