कंपनी नोंदवलेली नसताना विद्यार्थ्याला इन्क्युबेशन केंद्रातून (नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणाऱ्या केंद्रातून) नवकल्पनेसाठी अनुदान मिळू शकते का?

होय, मिळू शकते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी-प्रयास' योजनेत अठरा वर्षांवरील भारतीय नागरिकाला, स्वतःची कंपनी नसतानाही, प्रारूप (प्रोटोटाइप, म्हणजे वस्तूचा पहिला नमुना) तयार करण्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. योजनेच्या नियमांनुसार अर्ज थेट विभागाकडे नव्हे, तर 'प्रयास केंद्र' म्हणून मान्यता मिळालेल्या इन्क्युबेशन केंद्राकडे करायचा असतो. मुंबई आयआयटीतील 'साइन' आणि पुण्यातील 'व्हेंचर सेंटर' ही अशी केंद्रे आहेत. मात्र ही योजना प्रत्यक्ष वस्तूच्या प्रारूपासाठी आहे, त्यामुळे केवळ मोबाइल ॲपची कल्पना असल्यास दुसरा मार्ग शोधावा. कंपनीची नोंदणी झालेली असेल, तर 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजनेत 20 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे; तिथे रक्कम टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम पूर्ण झाल्यावर दिली जाते. अर्जात सर्वाधिक मेहनत खर्चाच्या तक्त्यावर घ्यावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते: 'साहित्य खर्च' अशी एकच ओळ न लिहिता सेन्सर, सर्किट बोर्ड, साचा आणि चाचणी यांच्या रकमा स्वतंत्र दाखवाव्यात आणि शक्य तिथे विक्रेत्यांची दरपत्रके सोबत जोडावीत.