सांगलीच्या कॉलेजात भूगोलाच्या मुलांना वर्गात रस वाटत नाही, काय करावं?

त्यांच्याच गल्लीचा पूर मोजायला लावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शेजारच्या गल्लीत पाणी आधी का शिरलं?

चार-पाच जणांच्या गटाला एक गल्ली द्या. भिंतीवरची खूण शोधून रस्त्यापासूनची उंची टेपने मोजायची. इथेच घोळ होतो: 2005, 2019 आणि 2021 च्या खुणांची सरमिसळ होते, म्हणून वर्ष किमान दोन घरांत विचारून घ्यावं. मोबाइलवरची जीपीएस उंची अजिबात नको, ती काही मीटरने चुकते.

पुराचं पाणी छोट्या परिसरात जवळपास सपाट असतं, म्हणजे खोली जास्त तिथे रस्ता खोल. समान खोलीचे बिंदू जोडून खोलीच्या दर अर्ध्या मीटरला एक रेषा काढायला सांगा. मग 1:50,000 चा स्थलदर्शक नकाशा समोर ठेवा. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या 20 मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे गल्लीतला चढउतार दिसतच नाही. समोच्च रेषा आणि नकाशाचं प्रमाण हे धडे त्यानंतर घ्या, मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात.