सूनबाईच्या फॉर्मवर सुंतेचा प्रश्न

प्रश्न: सून न्यू जर्सीत आहे, पुढच्या महिन्यात डिलिव्हरी, मुलगा आहे असं तिकडे सांगितलंय. हॉस्पिटलच्या फॉर्मवर सुंता करायची का असं विचारलंय. आपल्यात करत नाहीत, पण मुलगा म्हणतो इथे बरेच जण करतात, क्लॅम्प लावला की झालं. हा क्लॅम्प काय असतो, धोका असतो का? - एक होणारी आजी, नाशिक

उत्तर: काकू, तिकडे हे सर्रास सगळ्यांना विचारतात, नको म्हटलं की विषय संपला. सुदृढ बाळाला याची वैद्यकीय गरज नसते.

आता क्लॅम्प, म्हणजे कातडी आवळून धरणारा चिमटा. गोमको हा १९३५ चा जुना प्रकार, यात धातूची छोटी घंटी शिश्नाच्या टोकावर टोपीसारखी बसते आणि बाहेरची कातडी स्क्रूने आवळून मग कापतात. घंटीमुळे टोक झाकलेलं राहतं, पण एका कंपनीची घंटी आणि दुसरीची धातूची पट्टी असा जुगाड झाला किंवा भाग झिजलेले असले तर पकड सुटते आणि रक्त थांबत नाही. मोगेन या दुसऱ्या क्लॅम्पमध्ये घंटीच नाही, नुसती चपटी फट, त्यामुळे कातडीबरोबर टोक आत ओढलं गेलं तर तेही कापलं जातं, आणि असं खरंच झालंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००० साली या दोन्हींबद्दल इशारा दिला होता, तेव्हा साडेतीन वर्षांत १०५ इजांच्या तक्रारी आल्या होत्या. मला विचाराल तर मोगेन नकोच.

तिसरं प्लास्टिबेल, प्लास्टिकची रिंग, दोरा बांधतात आणि साधारण आठवड्यात आपोआप गळते. साइझ चुकली तर मात्र रिंग खाली सरकून रुतते. ती घरी ओढून काढायची नाही, डॉक्टरकडेच न्यायचं.

करायचंच ठरलं तर सुनेला विचारायला सांगा की कुठलं उपकरण वापरणार, भूल देणार का, करणाऱ्याचा हात त्यावर बसलाय का. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगायचं. आणि बाळाचं शूचं भोक जागेवर नसेल तर सुंता अजिबात नाही, पुढच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते.

नंतर दाबून धरूनही रक्त थांबेना किंवा बारा तासांत शू झाली नाही तर थेट हॉस्पिटल.

आणि सुंता नाही केली तर एक तुमच्यासाठी, काकू. तेल लावताना, न्हाऊ घालताना ती कातडी मागे ओढू नका हं, जन्मतः ती चिकटलेलीच असते, हळूहळू आपली आपण सुटते.